कळसूबाई ते हरिश्चंद्रगड : एका वाटेचा आराखडा

नगर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ज्वारीची शेते, उसाचे मळे, साखरेचे कारखाने आणि चारपाच वर्षांनी एकदा हटकून येणारा दुष्काळ, एवढेच उभे राहते. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी ही समजूत काही बदलली नाही. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील कोपऱ्यात, अकोले तालुक्यात, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर उभे आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने ५४०० फूट. तिच्या दक्षिणेस सरळ रेषेत सुमारे सात मैलांवर रतनगड व तेथून आग्नेयेस नऊ मैलांवर हरिश्चंद्रगड. नकाशावर पाहिले तर ही तीन ठिकाणे एका वाकड्या दोऱ्यात ओवल्यासारखी दिसतात, आणि तरुण माणसाने तो नकाशा पाहिला की त्याच्या हाताला पेन्सिल उचलण्याचा मोह होतो.

आमच्या घरी तो मोह चि. पुतण्यास झाला. आम्ही संगमनेरचे, आमचे आयुष्य प्रवरेच्या काठी गेले. ती कोठून येते हे पाहावे अशी आमच्या वडील बंधूंची, म्हणजे दादांची, फार वर्षांची इच्छा. सौ. वहिनींची इच्छा कळसूबाईच्या दर्शनाची. नवरात्रात तेथे यात्रा भरते. पण नवरात्रात घरी घट बसलेला, तेव्हा घरच्या गृहिणीने डोंगर चढावयाचा कसा? अशी ही दोन मनोगते घरात बरीच वर्षे पडून होती. गेल्या वर्षी भाद्रपदात गौरी उठल्यावर पुतण्याने जाहीर केले की, या सर्वांची एकच मोहीम करू, आराखडा मी करतो. दोन दिवसांनी त्याने तो कागद ओसरीवर सर्वांपुढे मांडला.

कागद मोठा देखणा होता. पहिल्या दिवशी कुलंग, मदन व अलंग. दुसऱ्या दिवशी कळसूबाई. तिसऱ्या दिवशी रतनगड. चौथ्या दिवशी कात्राबाईवरून हरिश्चंद्रगड आणि तेथून नळीच्या वाटेने खाली कोकणात. प्रत्येक शिखरापुढे त्याची उंची, आणि शिखरापासून शिखरापर्यंत तांबड्या शाईची रेघ. ही कल्पना त्याला कोठून सुचली हे मला ठाऊक होते. त्या दिवसांत तो स्कॉटलंडमधील गिरिभ्रमणाविषयी वाचीत होता. तेथे सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली आपल्या देशातील तीन हजार फुटांहून उंच पर्वतांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत व ती सर्व पायांखाली घालणे हा तिकडे एक लोकप्रिय छंद झाला आहे. रेव्हरंड रॉबर्टसन यांनी १९०१ साली ती पहिल्यांदा पुरी केली असे मानतात. मन्रोसाहेब स्वतः मात्र थोडी शिखरे बाकी असतानाच १९१९ साली वारले. हे ऐकून दादा म्हणाले, “यादी करणाऱ्याने ती पुरी केलीच पाहिजे असे नाही तर.” तेव्हा सर्व हसले. त्या बोलण्यात थोडे आपल्याविषयीही होते, हे मागाहून ध्यानात आले.

स्कॉटलंडची रीत येथे तशीच लागू होत नाही, याचे कारण दगडात आहे. तिकडचे पुष्कळ डोंगर बर्फाच्या प्रचंड लोंढ्यांनी घासून काढलेले. एकदा धारेवर चढले की तीच धार धरून एका दिवसात तीनचार माथे गाठता येतात. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा, आणि ते थर एकावर एक आडवे रचलेले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा पदर होतो. पुन्हा कडा, पुन्हा पदर. म्हणून येथील जुन्या वाटा माथ्यावरून माथ्यावर जात नाहीत. त्या पदरापदराने डोंगराला वळसा घालतात आणि खिंड सापडली की पलीकडे उतरतात. धारेवरून सरळ जाऊ म्हणणारा मनुष्य बहुधा एखाद्या कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहतो.

दुसरी गोष्ट नद्यांची. सह्याद्रीची मुख्य रांग या तालुक्याच्या पश्चिम कडेने उत्तरदक्षिण जाते, व तिला पूर्वेकडे तीन फाटे फुटतात. पहिला कळसूबाईचा, दुसरा प्रवरा व मुळा यांच्या मधला, तिसरा मुळेच्या दक्षिणेचा हरिश्चंद्रगडाचा. म्हणजे आमच्या वाटेवरची तीन ठिकाणे तीन निरनिराळ्या फाट्यांवर! पहिल्यापासून दुसरे गाठावयाचे तर प्रवरेचे खोरे ओलांडावे लागते, आणि दुसऱ्यापासून तिसरे गाठावयाचे तर मुळेचे. प्रत्येक वेळी मिळविलेली उंची पुरती गमवावयाची व नव्याने कमवावयाची. पुढे याच दोन नद्या नेवाशाच्या बाजूस एक होतात. ज्या प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी लिहिली गेली तिच्यात मुळेचेही पाणी आहे, हे दादांनी येथे आवर्जून सांगितले. त्यांना प्रवरेविषयी कोणी अर्धवट बोललेले खपत नाही.

कागदावरची पहिली काट अर्थातच अलंग, मदन व कुलंग यांवर पडली. त्या किल्ल्यांच्या पायऱ्या जागोजाग तुटलेल्या असून अलंग व मदन चढावयास दोर व तो हाताळणारी सराईत माणसे लागतात. कुटुंबातील सहाजणांच्या मेळ्याचे ते काम नव्हे. नळीच्या वाटेसही तेच कारण. कोकणकड्याच्या कुशीतून उतरणारी ती दगडगोट्यांची घळ आहे. वर चालणाऱ्याच्या पायाखालून सुटलेला धोंडा खालच्याच्या डोक्यावर जाईल, हे तेथे गृहीतच धरावे लागते. पुतण्याचे तोंड उतरले, पण त्याने वाद घातला नाही.

नंतर वेळेचा हिशेब. स्कॉटलंडचेच विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपे गणित सांगून ठेवले आहे : दर तीन मैलांस एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. बारी गावाहून कळसूबाईचा चढ सुमारे २७०० फूट आहे. वाट तीन मैल धरली तर एक तास चालण्याचा व एक तास एकवीस मिनिटे चढाची, असे दोन तास एकवीस मिनिटांचे उत्तर निघाले. पुतणी त्यावर म्हणाली, “हे साहेब थंड हवेत, सपाट श्वासाने चालत होते. त्यांच्याबरोबर आमची आई नव्हती.” तिचे म्हणणे खरेच होते. नेस्मिथच्या गणितात ऊन नाही, विश्रांती नाही, लोखंडी शिड्यांपाशी थांबणारी गर्दी नाही. आम्ही उत्तराची दीडपट केली व वर अर्धा तास ठेवला. मार्गशीर्षात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. त्यातही बारी, रतनवाडी ही गावे डोंगराच्या पूर्व अंगाला, तेव्हा ऊन माथ्याआड लवकर जाते व पायथ्याची वाट आधीच काळवंडते.

नकाशाविषयी एक सूचना नवख्यांस उपयोगी पडेल. सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारी नकाशावर समान उंचीच्या रेषा वीस वीस मीटरांनी काढलेल्या असतात. पंधरा मीटरांचा एखादा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो. कागदावर गवताळ उतार दिसतो आणि प्रत्यक्षात पाऊल टेकावयास जागा नसते. म्हणून नकाशा पाहावा, पण वाट गावकऱ्यास विचारावी.

पाण्याचे त्याहून महत्त्वाचे. आषाढात जेथे जिकडेतिकडे धबधबे कोसळतात तेथे फाल्गुनात ओंजळभर पाणी मिळत नाही. काळा पाषाण पाणी धरून ठेवीत नाही. जुन्या लोकांनी किल्ल्यांवर कातळात टाकी खोदली ती यासाठीच. रतनगडावर टाकी आहेत, हरिश्चंद्रगडावर आहेत, कळसूबाईच्या माथ्याखाली विहीर आहे. परंतु मधल्या जंगलातील ओढ्यांची शाश्वती मार्गशीर्षापर्यंतचीच. आश्विनात सोनकीच्या फुलांनी हे डोंगर पिवळे होतात व तेव्हाच यावे असे कोणासही वाटते, पण त्या वेळी गवत कमरेइतके, वाट दिसत नाही व कातळ निसरडा असतो. फुलांवर पाणी सोडून आम्ही मार्गशीर्ष निश्चित केला.

इतके झाल्यावर सुधारलेला कागद पाच दिवसांचा झाला. आता तो मंजूर व्हावयाचा, तोच इतका वेळ वाती वळीत बसलेल्या वहिनींनी विचारले, “भाऊजी, यात चढावयाचे सगळे लिहिले आहे. पण मधूनच परत फिरावयाचे झाले, तर कोठून फिरावयाचे ते कोठे लिहिले आहे?”

कोणी काही बोलेना. प्रश्न सर्वांविषयी होता, पण ओसरीवरील प्रत्येकाची दृष्टी दादांकडे गेली. दादांचे वय सदुसष्ट. तीन वर्षांपूर्वी त्यांना छातीचा त्रास होऊन गेला होता. डॉक्टरांनी चालण्यास हरकत नाही म्हटले होते, चढाविषयी मात्र नुसते “बेताने” म्हणून सोडून दिले होते. दादांना हे दृष्टीचे वळणे कळले. ते उठून उभे राहिले व म्हणाले, “मला सांभाळून नेणार असाल तर मी येत नाही. देवळापर्यंत गाडीने नेऊन बसवून ठेवावयाचे, तसे माझे करू नका.” आणि आत निघून गेले.

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस अशा प्रसंगाचे ओझे सांगावयास नको. वडील माणसास मागे ठेवणे कठीण आणि बरोबर नेणेही कठीण. न नेल्यास त्याचा मान जातो, नेल्यास बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. दोन दिवस कागद तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मी तो पुन्हा हाती घेतला व वहिनींचा प्रश्न जसाच्या तसा शिरोभागी लिहिला. मग प्रत्येक दिवसापुढे दोन घरे आखली. पहिल्या घरात, अमुक वाजता अमुक ठिकाणी पोचलो नाही तर सर्वांनीच परतावयाचे, ती वेळ. दुसऱ्यात, कोणाही एकास थांबावेसे वाटल्यास त्याने कोणत्या गावी उतरावयाचे व तेथून गाडी कोठे मिळेल ते. दादांचे नाव कोठेही घातले नाही. चौदा वर्षांच्या माझ्या मुलासही तेच घर, पुण्याहून येणाऱ्या धडधाकट पुतण्यासही तेच.

हे लिहू लागताच एक गोष्ट स्पष्ट झाली. नद्यांची जी दोन खोरी शिखरांच्या मार्गातील अडचण वाटत होती, तीच आमचा खरा आधार होती. कळसूबाईवरून उतरले की बारी व शेंडी. शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडीपर्यंत गाडीरस्ता. कात्राबाईची खिंड ओलांडली की मुळेच्या खोऱ्यात कुमशेत. तेथून राजूरकडे रस्ता. पुढे पाचनई, तेथूनही रस्ता. रोज संध्याकाळी खोऱ्यात उतरणारी ही वाट रोज संध्याकाळी घरी जाण्याची मोकळीक देत होती. माथ्यामाथ्याने जाणारी तांबडी रेघ तशी मोकळीक देत नव्हती. कागद दादांच्या खोलीत ठेवून आलो. सकाळी तो परत मिळाला तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या पहिल्या घरात, कात्राबाईच्या खिंडीपुढे, मी लिहिलेला दीडचा आकडा खोडून दादांनी एक केला होता. इतकेच. म्हणजे ते येणार होते.

पहिल्या दोन दिवसांचे वर्णन थोडक्यात करतो. बारीहून पहाटे निघालो. नेस्मिथसाहेबांच्या दोन तास एकवीस मिनिटांच्या जागी आम्हांस चार तासांना दहा मिनिटे कमी लागली. आमच्या दीडपटीच्या हिशेबाहूनही ते थोडे वरच झाले, पण त्यात शिड्यांपाशी थांबणे आले. शिड्या चढताना वहिनींनी खाली पाहिले नाही. माथ्यावरचे देऊळ अगदी लहान आहे. कळसू ही कोळ्याची मुलगी. इंदोरे गावी एका घरी तिने काम पत्करले ते भांडी घासणार नाही व केर काढणार नाही या अटीवर. एके दिवशी घरच्यांनी ती कामे सांगितली. तिने ती निमूट केली, आणि सरळ डोंगरावर निघून गेली ती पुन्हा खाली आली नाही, अशी कथा आहे. देवीपुढे ओटी ठेवून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “ही अट आधी ठाऊक असती तर!” पुढे काय म्हणावयाचे होते ते त्यांनी सांगितले नाही, आणि दादांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ पाहिले व रतनगड चढलो. प्रवरेचे उगमस्थान म्हणून दाखवितात ते पाणी अगदी बेताचे. दादा त्याच्यापाशी बराच वेळ बसले. तेच पाणी पुढे विल्सन धरणात साठते. १९१० साली आरंभ होऊन १९२६ साली पुरे झालेल्या या धरणाने खालच्या तालुक्यांची शेती पालटली. गडाच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, मुलांना फार आवडले. त्यात वारा असा भरतो की टोपी धरून बसावे लागते.

तिसरा दिवस खरा कसोटीचा. कुमशेतचा एक वाटाड्या आम्ही आधीच ठरविला होता. महादेव कोळी समाजातील पन्नाशीचा गृहस्थ, बोलणे मोजके. मला नवल वाटले ते याचे की, शिखरांची उंची त्याच्या बोलण्यात एकदाही आली नाही. त्याच्या तोंडी खिंड, ओढा, पदर, सावली व गुरे जेथे बसतात ती जागा, एवढेच शब्द. कड्याच्या पोटाशी आग्यामोहोळे लोंबत होती तेथे त्याने सर्वांस गप्प केले, आणि पुतणीने लावलेल्या सुगंधी तेलाविषयी नाक मुरडले. धूर, अत्तर आणि आरडाओरडा या तिहींनी या माशा उठतात व मग पळावयास वाट राहत नाही. हा प्रदेश १९८६ सालापासून अभयारण्य असल्याने विस्तव पेटविण्याचा प्रश्नच नव्हता. दशम्या व चटणी यांवर काम भागले.

कात्राबाईच्या खिंडीत बारा वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. दादांनी घड्याळ पाहिले, मी पाहिले. दोघेही बोललो नाही. त्यांच्या आकड्यास वीस मिनिटे शिल्लक होती. समोर मुळेचे खोरे व त्यापलीकडे हरिश्चंद्रगडाचा निळा भाग दिसत होता. दादांचा श्वास बरा होता. उतरताना मात्र निराळेच घडले. पुतण्याचा गुडघा दुखू लागला, आणि कुमशेत येईतो तो चांगला सुजला. चढाने छाती थकते, पण गुडघ्याची परीक्षा उतार घेतो, आणि नेस्मिथच्या नियमात उताराला वेगळा हिशेब नाही.

रात्री कुमशेतला वाटाड्याच्या अंगणात कागद उघडला. दुसऱ्या घरात लिहिले होते : कुमशेत, येथून राजूर. पुतण्या म्हणाला, मी पाय ओढीत येतो. वहिनींनी नुसते त्या घरावर बोट ठेवले. ते घर सर्वांसाठी होते, त्यामुळे त्याला फार बोलता आले नाही. मग दादा म्हणाले, “याला एकट्याला कशाला पाठवावयाचे? मी जातो याच्याबरोबर.” उद्याची चाल त्यांना झेपली असती की नाही, हे कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. सकाळी गाडीत बसताना त्यांनी आपली काठी वहिनींच्या हाती दिली. पुतण्याने आपला नकाशा माझ्या मुलास दिला.

आम्ही चौघे पेठेच्या वाडीवरून पाचनईस गेलो व पाचव्या दिवशी गड चढलो. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतील कमरभर थंड पाण्यात उभे असलेले लिंग, चार खांबांपैकी उरलेला एकच खांब, ही सर्व पाहून आम्ही तारामतीच्या माथ्यावर पोचलो. हवा स्वच्छ होती. वहिनींनी दादांची काठी उत्तरेकडे रोखून आधी कात्राबाई, मग रतनगड व अगदी मागे कळसूबाई अशी एकेक ओळखली. माझ्या मुलाने नकाशा धरून ती पडताळली. मग कोकणकड्यावर गेलो. धुक्यात आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटते, ते इंद्रवज्र कर्नल साइक्स यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात येथे पाहिले होते. त्यासाठी खालच्या दरीत धुके व पाठीशी सूर्य लागतो. आमच्यापुढे दरी तळापर्यंत कोरडी व मोकळी होती, आणि चार वाजण्याच्या आत पाचनईस उतरावयाचे होते.